येळवसेच्या दिवशी हीटर गेला

माझं तोंड फाटकं हाय, हे आधीच सांगते. किल्लारीत कुणालाबी विचारा, चांगुणाबाई कशी? म्हणतील, मनानं चांगली, पण जिभेला हाड न्हाई. साठीला आले, आता हाड कुठून आणू? तर ही गोष्ट मी माझ्याच तोंडानं सांगणार, कारण चूक बी माझीच होती.

आमच्या सुनेनं, बुद्धप्रियानं, घरामागं किड्यांचं शेड टाकलंय. रेशमाचे किडे. अंड्यातून निघालेले, मुंगीपेक्षा बारीक. आठ-नऊ दिवस आपण सांभाळायचे, दोनदा कात टाकली की रेशीमवाल्या शेतकऱ्यांना द्यायचे. ह्याला चॉकी म्हणतात. पुढं त्यांचे ते वाढवतात अन् कोष काढतात. मोठा किडा कसाबी निभतो, पण ही तान्ही लेकरं लई नाजूक. त्यांना अठ्ठावीस डिग्री लागते, दिवसा बी अन् रातच्याला बी. धूर चालत न्हाई. तंबाखूचा वास चालत न्हाई. अगरबत्ती बी चालत न्हाई. पहिल्यांदा ऐकलं तवा मी म्हणले, "बया! एवढे लाड तर मी माझ्या संघपालाचे केले न्हाईत."

संघपाल माझा लेक, तिचा नवरा. हदगावला नोकरीला हाय. तिथं त्यानं दोन खोल्या घेऊन ठेवल्यात अन् दर फोनला एकच विचारतो, कधी येतेस? ही म्हणायची, शेड चालू द्या, मग बघू. पण मागच्या महिन्याची बॅच बिघडली. निम्मे किडे कात टाकायला झोपलेले, निम्मे खातच बसलेले. असं मागंपुढं झालं की शेतकऱ्याचे हाल. कुणाला तुतीचा पाला टाकावा अन् कुणाला न्हाई, काही समजत न्हाई. कोष बी हलके निघतात. निलंग्याकडचे शिवप्पा दीडशे अंडीपुंजांचे किडे घेऊन गेले होते, एक पुंज म्हणजे एका पाखराची चार-पाचशे अंडी. त्यांनी फोनवर तिला नको नको ते ऐकवलं. ती ऐकून घेत होती, हाव काका, हाव काका, एवढंच.

त्या दिवशी जेवताना म्हणली, "आत्या, अजून एक बॅच करते. ही बी तशीच गेली तर शेडला कुलूप लावते अन् हदगावला जाते."

"जा की," मी म्हणले. "मला काय धाड भरली? सुखात राहीन."

तोंडानं म्हणले. पण ती गेली तर ह्या घरात मी अन् टीव्ही. सात वर्षं झाली लग्न होऊन, सात वर्षं मी तिला टोचून बोलते अन् ती हसून सोडून देते. असं माणूस मला दुसरं कुठं मिळणार? पण हे सांगायचं कसं? आम्हाला भांडायला शिकवलं, जीव लागलाय म्हणायला कुणी शिकवलंच न्हाई.

तर नवी बॅच बसली, अडीचशे अंडीपुंजांची. पौषाच्या तोंडावरची थंडी, पहाटे नळाचं पाणी हाताला चावतं अशी. तिसऱ्या दिवशी हदगावहून फोन, संघपालला ताप, उठवत न्हाई. तिचा जीव इकडं बी अन् तिकडं बी. मीच म्हणले, "जा, एक रात मी बघते. पाला चिरायचा, टाकायचा, उष्णता मोजायच्या काट्याकडं बघायचं. मला काय अंगठेबहाद्दर समजलीस?" तिनं हीटर दाखवला, बटणं दाखवली. "कशालाच हात लावू नका, फक्त अठ्ठावीस हाय का बघा. उद्या सांजच्याला येतेच." दहा वेळा सांगून गेली.

दुसऱ्या दिवशी येळवस होती. आमच्या लातूरकडं वेळ अमावस्येला सगळा मुलूख रानात जातो. दुकानं बंद, बाजार बंद, रस्त्यावर कुत्रं दिसत न्हाई. रानात कडब्याची खोप करायची, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे अन् ताकात ज्वारीचं पीठ आंबवलेली आंबील न्यायची अन् येईल त्याला जेवू घालायचं. आम्ही बौद्ध, आम्ही रानात दगडाचे पांडव मांडत न्हाई, पूजा करत न्हाई. पण भज्जीला कुठं धर्म असतोय? अन् माझी गोष्ट येगळी हाय. लहानपणी मी आईसंगं दुसऱ्याच्या रानात जायची. आम्ही बांधावर बसायचो अन् रानवाले आंबील वरूनच आमच्या ओंजळीत ओतायचे, शिवाशीव नको म्हून. आता माझं सव्वा एकर हाय, बांध माझा, खोप माझी. माझ्या खोपीत लोक मांडी घालून बसतात अन् माझ्या बिंदग्यातली, घागरीतली म्हणा, आंबील मागून पितात. म्हून ती आंबील अशी झाली पाहिजे की पिणारानं म्हणावं, वा.

पण आंबील आंबायला ऊब लागते. त्या थंडीत दोन दिवस ठेवली असती तरी गोडच राहिली असती. रात्री शेडमधी गेले, पाला टाकला. आत कसं मस्त ऊन ऊन. अन् मला अक्कल सुचली. मोठं बिंदगं आणून हीटरच्या शेजारी स्टुलावर ठेवलं. वर फडकं बांधलं. कशाला हात लावू नका म्हणली होती, मी कुठं हात लावला?

चारला उठले, शेडमधी डोकावले, काटा अठ्ठावीस. फडकं जरा फुगलं होतं. मी खूश. चुलीवर भज्जीचं आदण ठेवलं, उंडे वळले. सहाला पाला घेऊन परत गेले अन् दार उघडताच आंबट वास. बिंदगं उतू गेलं होतं. स्टूल पांढरं, खाली फरशी पांढरी, हीटरच्या जाळीतून आंबील ठिबकायलेली. लाल दिवा गेलेला. काटा बावीस.

"आगं माय!" म्हणून मी तिथंच बसले.

बटण दाबून बघितलं, काही न्हाई. मीटरजवळचा खटका वर केला, फट्‌ करून खाली आला. मग हीटरची पिनच काढली. ट्रेवरचा कागद उचलला तर एरवी पाल्यावर तुटून पडणारे किडे गप पडलेले. मेले न्हाईत, पण हलेनात बी. मला रडूच आलं. खोटं कशाला सांगू, किड्यांसाठी न्हाई आलं. हदगावच्या त्या दोन खोल्या डोळ्यांपुढं आल्या.

शेजारची सरजाबाई माझ्या आवाजानं आली. दारातच नाकाला पदर लावून म्हणली, "आंबील इथं ठेवलीस व्हय? धन्य हाय तुझी." मग म्हणली, "शेगडी पेटवून आणू?"

"खबरदार! धुरानं एक बी वाचायचा न्हाई."

"मग काय करतीस?"

चुलीवर भज्जीचं आदण खळखळत होतं. ते बघितलं अन् डोकं चाललं. पातेलं तसंच उचललं, झाकण लावलं, शेडमधी नेऊन रॅकखाली ठेवलं. मग दुसरी घागर, तिसरा हंडा. सरजाबाईनं तिच्या चुलीवरचं बी आणलं. दाराच्या फटीत पोती कोंबली, रॅकला प्लास्टिक गुंडाळलं, वरून घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या. पाणी निवलं की बदलायचं, निवलं की बदलायचं. अर्ध्या घंट्यानं काटा चोवीस, मग सव्वीस. ट्रेमधी कुठं कुठं हालचाल दिसायली. मी पाला एकदम बारीक चिरून टाकला अन् म्हणले, "खावा रे बाबांनो, माझ्यावर राग धरू नका." भज्जी त्या वर्षी झालीच न्हाई.

दहाला ऊन पत्र्यावर आलं. आमचं दिवसाचं ऊन हिवाळ्यात बी काही कमी नसतं, शेड आपोआप तापलं. म्हणजे सांजपर्यंत सवड मिळाली. फक्त हीटर नीट करणारं माणूस पाहिजे. सिद्धलिंग वायरमनला फोन लावला तर बंद. बुद्धप्रियाचा फोन आला, "आत्या, किती हाय?" मी म्हणले, "अठ्ठावीस." त्या घटकेला होतंच. बाकीचं मी गिळलं.

सरजाबाईला शेडपाशी बसवलं अन् निघाले सिद्धलिंगला हुडकायला. येळवसेला माणूस हुडकणं सोपं नसतं, कारण माणूस सापडला न्हाई तरी जेवण सापडतं. पहिल्या रानात गेले, "सिद्धलिंग हाय का?" "हाय की पलीकडं, आधी बसा." बसले. भज्जी, उंडा, वाटीभर आंबील. "मला घाई हाय हो." "येळवसेला कुणाला घाई असते व्हय?" दुसऱ्या रानात तेच. रानात आलेला माणूस उपाशी पाठवायचा न्हाई, अन् आलेल्यानं न्हाई म्हणायचं न्हाई. तिसऱ्या रानात मला घास गिळवेना, डोळ्यांत पाणी आलं, तर बाई म्हणली, "तिखट झालं का, चांगुणाबाई?" काय सांगावं तिला!

सिद्धलिंग चौथ्या रानात सापडला. खोपीत, तोंडावर टोपी, आंबील पिऊन आडवा. हलवून हलवून उठवला.

"मावशी, आज? आज देव बी काम करत न्हाई."

"देवाला ठेव बाजूला. गाडी काढ. न्हाईतर इथंच बोंब मारते."

माझी बोंब त्याला ठावं होती, आला बिचारा. हीटर खोलला, आत बघितलं अन् माझ्याकडं बघितलं. मग बोट घालून वास घेतला. "मावशी, हीटरला येळवस घातली व्हय?" हसू आवरेना त्याला. मग म्हणला, "कॉइल जळाली. उद्या दुकान उघडलं की आणतो, आज काही इलाज न्हाई. किती वेळ बंद होता पहाटे?"

"चारला चालू होता. सहाला बंद दिसला. दोन घंटे धर."

"अन् दोन घंट्यात सहा डिग्री उतरली? बघा म्हणजे. पत्र्याचं शेड हाय. पहाटे दोन घंटे बंद पडलं तरी किड्याचा कारभार बिघडला."

तो स्क्रू आवळत होता अन् मी तशीच उभी राहिले. दोन घंटे. पहाटे चार ते सहा.

मागच्या महिन्यात मी रोज पहाटे चारला लघवीला उठायची. शेडमधी हीटर घूं घूं चालू. मीटर गरागरा फिरतंय. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलंय, मला वाया गेलेलं बघवत न्हाई. म्हणले, खोली तापलीय की, दोन घंटे बंद ठेवला तर कुठं बिघडतंय? बंद करायची अन् सून उठायच्या आधी, सहाला, चालू करायची. आठ दिवस केलं. कुणाला बोलले न्हाई. पुण्य केल्यासारखं वाटायचं. बॅच बिघडली तवा मीच तिला म्हणले होते, "शिकून काय उपेग, किडे बी सांभाळता येईनात."

सिद्धलिंग काहीतरी बोलत होता, मला ऐकू आलं न्हाई.

सांज झाली तशा बाया रानातून परतल्या. सरजाबाईनं सगळ्यांना गाठून सांगितलं. येळवसेचं एक बरं असतं, प्रत्येकीच्या घरात त्या दिवशी मोठ्यात मोठं भांडं घासून वर काढलेलं असतं. पातेली आली, हंडे आले, एकीनं तर लग्नातला तपेला आणला. अंगणात तीन चुली पेटवल्या, शेडपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पाणी आत, निवलेलं बाहेर. काटा सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली उतरू दिला न्हाई. कुणी विचारलं, हीटरला काय झालं? सरजाबाई माझ्याआधी बोलली, "लाईट वर-खाली झाली." मी तिच्याकडं बघितलं न्हाई.

संघपालचा ताप उतरला तशी बुद्धप्रिया सातला आली. पाठीवर बॅग तशीच, अंगणातल्या चुली बघून पळतच शेडमधी. मी मागून गेले. तिनं कागद उचलला, वाकून बराच वेळ बघितलं. मग काटा बघितला, गोधड्या बघितल्या, पातेली बघितली. अन् मग नाक वर केलं.

"आंबील?"

"हाव," मी म्हणले. "मीच ठेवली. उतू गेली. हीटर जळाला. मार मला."

ती लई चिडली. तिला चिडलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. "हात लावू नका म्हणले होते ना? एक गोष्ट, आत्या, एकच गोष्ट सांगितली होती!" मग परत ट्रेकडं बघितलं, जरा शांत झाली. "वाचलेत तरी. पाण्याचं सुचलं ते बरं झालं." अन् खाली बसून, माझ्याकडं न बघता म्हणली, "ह्या वेळेला निदान कारण तरी हाय. मागच्या वेळेला कुणी काही सांडलं नव्हतं. माझ्याच हाताला गुण न्हाई."

तवाच सांगायला पाहिजे होतं. दिवसभर कुणाकुणावर ओरडले मी, अन् त्या घटकेला एक शब्द निघेना. भ्याले. सांगितलं तर ही उद्याच जाईल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवीन कॉइल बसली. पुढचे दिवस मी चारला उठून काटा बघून यायची अन् परत येऊन पडायची, झोप लागायची न्हाई. किड्यांनी कात टाकली, दोन्ही वेळा सगळे एका दमात झोपले, एका दमात उठले. मला वाटलं, सुटले. आता कशाला जुनं उकरायचं?

शिवप्पा जीप घेऊन आले, संगं त्यांच्या शेतकरी गटातले तिघं. लुंगीवाला, बोलायला कडक माणूस. एकेक ट्रे उन्हाकडं धरून बघितला. "ह्यावेळी ठीक हाय," म्हणले. बुद्धप्रियानं वही काढली. "काका, पुढच्या महिन्याचे किती लिहू?"

"लिहू नका, बाई." ते जरा खाकरले. "राग मानू नका. एक बॅच बरी, एक वाईट, असं आम्हाला परवडत न्हाई. मागच्या टायमाला काय झालतं ते तुम्हालाच ठावं न्हाई, तर आम्ही कशाच्या भरवशावर यावं? आम्ही दुसरीकडं बघितलंय."

ती भांडली न्हाई. वहीला पेन अडकवलं अन् वही मिटली. ज्या रीतीनं मिटली ना, ते बघून मला कळलं की हिनं आता शेड मिटलं. मी तिथं ट्रे धरून उभी होते.

"शिवप्पा," मी म्हणले. "मला ठावं हाय काय झालतं."

"तुम्हाला?"

"मी हीटर बंद करायची. पहाटे चार ते सहा. आठ दिवस. बिल वाचवायला. तिला ठावं नव्हतं, आज ऐकतीय. पोरीचा हात चांगला हाय. चोर मी हाय." एवढं म्हणले अन् हातातला ट्रे शिवप्पांच्या पुढं केला.

गटातला एकजण हसायला लागला, मग गप झाला. शिवप्पांनी ट्रे जीपमधी ठेवला, परत आले, माझ्याकडं बघून म्हणले, "अक्का, आमची आई बी असंच करती. फ्रिज बंद करती रातचं." मग सुनेला म्हणले, "लिवा मग. दीडशे. पण ह्यांना शेडच्या बाहेर ठेवा."

तिनं लिहिलं. अक्षर तिचं मोत्यासारखं, त्या दिवशी वाकडं आलं.

जीप गेली. ती माझ्याशी बोलली न्हाई. शेड धुतलं, चुना मारला, भाकरी केल्या, मला ताट वाढलं, पण बोलली न्हाई. मी बी गप. दुसरा दिवस तसाच. आमच्या घरात एवढं गप कधीच नव्हतं, मला तर वाटलं ह्यापेक्षा तिनं दोन थोबाडीत माराव्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तुतीचा पाला खुडत होतो, ती ह्या सरीत, मी त्या सरीत. मधूनच म्हणली,

"मी महिनाभर रडले, आत्या. रोज रात्री."

"ठावं हाय."

तिचा हात थांबला. "कसं ठावं?"

"भिंतीपलीकडंच झोपते की मी. सगळं ऐकू येतं."

"अन् एकदा बी आला न्हाईत?"

मी पाला हातात तसाच धरून म्हणले, "आता येईन."

तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. पण सरी ओलांडून इकडं आली अन् माझ्या शेजारच्या झाडाचा पाला खुडायला लागली.